कावळ्याला कबूल केलेली गाडी

दहाव्याला कावळा शिवेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझा मोठा भाऊ शौनक पुण्यात एका कंपनीत होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी ऑफिसातच छातीत कळ आली आणि गेला. वय बेचाळीस. दहावा आम्ही भोरलाच केला, नीरेच्या घाटावर. भटजींनी पिंड मांडले आणि आम्ही सगळे हात जोडून लांब उभे राहिलो. झाडावर कावळे नव्हते असं नाही. चांगले पाच-सहा होते. पण एक खाली उतरेल तर शपथ.

अशा वेळी काय करायचं ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि पिंडाकडं बघून मोठ्यानं शब्द द्यायचा. आई म्हणाली, "भार्गवीला आम्ही अंतर देणार नाही रे." भार्गवी म्हणजे शौनकची बायको, माझी वहिनी. कावळा होता तिथंच. मी म्हटलं, "आईचं मी बघतो, तू काळजी करू नको." कावळ्यानं चोच पंखात खुपसली. मूलबाळ त्यांना नव्हतं, म्हणजे त्याही बाजूनं काही कबूल करता येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू. आई म्हणाली, "नको. खराच शिवू दे."

तेव्हा गंगाधरकाका पुढं झाले. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेत, पण आदेश काढायची सवय तेवढी निवृत्त झालेली नाही. अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "शौनका! तुझी गाडी आम्ही विकणार नाही! सौमित्र ती रोज चालवील! एक दिवस खंड पडणार नाही!"

सौमित्र म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि कावळा उतरला. थेट पिंडावर. आई मटकन खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. माझं मत असं की काका बोलता बोलता चार पावलं मागं सरले, म्हणून कावळ्याला धीर आला. पण घाटावर ते बोलता आलं नाही, आणि आईचं रडणं बघितल्यावर पुढंही कधी आलं नाही.

आता ही गाडी. लाल. दोन दारं, दोन सीटा, पोट जमिनीपासून वीतभर वर. परदेशी बनावटीची, शर्यतीत पळवतात तसल्या जातीची. शौनकनं पुण्यात कुणाची तरी वापरलेली घेतली होती. शिवाय हायब्रिड. म्हणजे निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर. सीटांच्या मागं मोठी बॅटरी, उतारावर ब्रेक दाबला की ती आपोआप भरते. हळू चालताना इंजिन बंदच असतं. आवाज म्हणून नाही. शौनक दर शनिवारी संध्याकाळी हीच घेऊन भोरला यायचा आणि आईला म्हणायचा, "चल, एक चक्कर मारू." आई म्हणायची, "माझे गुडघे इतके खाली जात नाहीत बाबा. तू नीट माणसांची गाडी घे, मग बसते."

मी वेल्ह्याकडं जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, गाईचं अडलं तर धावायचं, हा माझा धंदा. लोक डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणत नाही. भोरहून निघायचं, कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, विंझर करत वेल्हे. आधी बाइकवर जायचो. दहाव्यानंतर शर्यतीच्या गाडीतून जायला लागलो.

पहिला ताप त्या शांततेचा झाला. गाडीचा आवाज येत नाही म्हणजे ती बंद पडली, आणि बंद पडलेल्या गाडीला धक्का द्यायचा असतो, हे आमच्या भागात लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे. विंझरला चहा पिऊन मी परत गाडीत बसलो, बटण दाबलं, दिवे लागले, गाडी तयार. पण आवाज नाही. टपरीवाला धनाजी ओरडला, "अय, चला रं! डाक्तरची गाडी बसली!"

चार जण मागं धावले. मी काच खाली करून सांगतोय, "अहो चालू आहे! चालू आहे!"

"व्हय व्हय, व्हती चालू. तुमी गेर टाका!"

टाकायला गियरच नाही तिला. मी पाय दाबला, गाडी सुळकन निघून गेली आणि चौघं रस्त्यात एकमेकांवर आडवे. धनाजी उठला, कपाळाची माती पुसली आणि म्हणाला, "आली का न्हाई वळणावर?" दुसऱ्या दिवसापासून तो रोज धक्क्याला हजर. पुढंपुढं मी समजावणं सोडलं. बाकीच्यांना तो सांगायचा, "म्या हितं हाय म्हणून डाक्तर हापिसात पोचत्यात."

दुसरा ताप गतिरोधकांचा. आमच्याकडचा गतिरोधक म्हणजे रस्त्यात झोपलेली म्हैस. बाकीच्यांच्या गाड्या तो चढतात, माझी त्यावर पोटावर बसायची आणि चारी चाकं रिकामी. आंबवण्याच्या पुढं एका गावात पारावरच्या म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी दोन फळ्या करून ठेवल्या. मी दिसलो की उठायचे, फळ्या लावायचे, गाडी चढवायचे, उतरवायचे, पुन्हा फळ्या पाराला टेकवून बसायचे. त्यातला एक जण मला म्हणाला, "डाक्तर, लई दिसांनी कायतरी काम लागलं बगा." दुसरा म्हणाला, "पर ही गाडी पळती कवा?"

तिसरा ताप पेशंटांचा. वरच्या वस्त्यांवरून आजारी जनावर दवाखान्यात आणायचं तर डॉक्टरची गाडी आहेच, असं ठरून गेलं. शेजारच्या सीटवर शेळी ठेवली की गाडी वजन ओळखायची आणि पट्टा लावा म्हणून किंचाळायची. शेळी घाबरून सीटवरच कार्यक्रम उरकायची. मग मी शेळीला पट्टा लावायला लागलो. एकदा नसरापूरच्या चौकात हवालदारानं अडवलं, वाकून आत बघितलं, शेळीनं त्याच्याकडं बघितलं. "पट्टा लावलाय. जा," म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, इतकं सोसायचं कशाला? गाडी ठेवायची झाकून, आईला सांगायचं चालवतो म्हणून. तेही केलं असतं. पण एकदा टायर पंक्चर झालं. त्या मापाचं टायर भोरमध्ये कुणाकडं नाही, म्हणून गाडी दिवसभर दारात. रात्री पानं घेतली. आईनं मला वाढलं, शौनक गेल्यापासून आमच्याकडंच असलेल्या वहिनीला वाढलं आणि स्वतःचं ताट पालथं घातलं.

"तुझं काय?" मी विचारलं.

"उपास आहे."

"कसला?"

"गाडी चालली नाही ना आज," आई म्हणाली. रागानं नाही, चिडून नाही. एकादशी आहे म्हणावं तसं.

आईला साखरेचा आजार. रोजच्या गोळ्या चालू. गोळी घेऊन पोटात अन्न नसेल तर काय होतं ते मला जनावरांचा का होईना पण डॉक्टर म्हणून कळत होतं. मी उठलो, तशीच बसल्या टायरवर गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. लोखंड रस्त्यावर घासत होतं, सगळी आळी खिडकीत. परत आलो तेव्हा आईनं ताट सुलटं केलं होतं आणि भात कालवत होती.

तेव्हा मला कळलं की ही गाडी चालते तोवर आई जेवणार. म्हणून मी रविवारी चालवायचो, तापात चालवायचो, माझ्या रजेच्या दिवशी उगाच घाटापर्यंत जाऊन यायचो. संध्याकाळी आई गॅलरीत उभी असायची. आवाज येत नसल्यानं तिला बघतच राहावं लागायचं. गाडी वळणावर दिसली की आत जायची.

मे महिन्यात पावसाळ्याआधी मेंढ्यांना आंत्रविषाराची लस द्यायची असते. विंझरच्या वर डोंगरात एक धनगरवस्ती आहे, तिथं हैबतीमामांची मेंढरं. वस्तीपर्यंत कच्चा रस्ता नुकताच काढलेला. मामा मला दाखवायला खालीच येऊन थांबले होते. मी लशीचा बर्फाचा डबा त्यांच्या मांडीवर दिला आणि निघालो. निम्मा चढ चढलो आणि समोरच्या मीटरवर पिवळं चित्र लागलं. कासव.

"ह्ये काय आलं म्हणायचं?" मामा म्हणाले.

"कासव."

मामांनी डबा पायाशी ठेवला, टोपी सारखी केली आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"मामा, पाया काय पडताय?"

"देवळात कासव असतंय. त्याच्या पाया पडल्याबिगर म्होरं जायाचं न्हाई."

"अहो, हे देवळातलं नाही. गाडी म्हणतेय मला त्रास होतोय, हळू चला."

"मंग त्येच की. देव बी दुसरं काय म्हणतोय?"

वस्तीच्या अलीकडं, पहिलं खोपट दिसतंय तिथं, गाडी थांबली. बटण दाबलं तर दिवे लागले, हॉर्न वाजला. चाक हलेना. इंजिनही सुरू होईना, कारण ते सुरू करायचं काम मोठ्या बॅटरीचं. मी पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. त्यानं सांगितलं, सीटच्या मागं खाली एक जाळी आहे, बॅटरीला गार हवा तिथून जाते, ती तुंबलीय का बघा.

मी जाळी काढून बोटं घातली. आधी चिमूटभर लोकर आली. मग मूठभर. मग येतच राहिली. काळी, पांढरी, करडी. मामांनी ती हातात घेऊन दाबून बघितली. "चांगली हाय. बसायपुरतं घोंगडं हुईल."

"गाडीत कुत्रं नेता का तुम्ही?" मेकॅनिकनं विचारलं.

"नाही. मेंढ्या."



"किती?"

"आजारी पडतील तेवढ्या."

"साहेब, बॅटरी भाजली," तो म्हणाला. "बाहेरच्या देशातून मागवायला लागेल. मिळाली तर." क्रेनवाल्याला फोन केला तर त्यानं रस्त्याचं वर्णन ऐकूनच नाही म्हटलं.

म्हणजे एक दिवस खंड न पाडता चालवून चालवूनच मी ती मारली होती. मेंढरांना लस टोचली, खाली उतरून एसटी धरली आणि भोरला आलो. आई गॅलरीत होती. मी वळणावरून चालत आलो. ती माझ्या मागं रस्त्याकडं बघत राहिली.

रात्री ताट पालथं.

मी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, "आई, मशीन आहे, बिघडलं. माझा इलाज नाही."

"मी तुला काही म्हटलं का?" आई म्हणाली. "तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशीही तेच. गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला, ताट पालथं. वहिनीनं मऊ भात केला, ताटाशेजारी नुसती बसून राहिली. दुपारी आईला उठताना भोवळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, जेवत नसतील तर दवाखान्यात आणा, सलाइन लावू. आई म्हणाली, सलाइन म्हणजे जेवणच की ते, नको.

गंगाधरकाका आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द मी दिला होता, दुरुस्तीही मीच करतो. घाटावर जाऊन शुद्धिपत्रक काढतो."

"कुणापुढं?"

"ज्याच्यापुढं मूळ आदेश काढला त्याच्यापुढं."

काका दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेले. तिथं भोंगवलीकडच्या एका घरचा दहावा चालला होता आणि त्यांचाही कावळा शिवत नव्हता. काका बाजूला उभं राहून झाडाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "गाडीबद्दलची अट रद्द करण्यात येत आहे!" आणि कावळा भोंगवलीवाल्यांच्या पिंडावर उतरला. त्या मंडळींनी काकांचे पाय धरले. मग त्यांच्यात कुजबुज सुरू झाली, की आपल्या म्हाताऱ्याची कुठली गाडी? कुणाला ठाऊक होती? कुणी लपवली? काका परत आले तेव्हा घाटावर दोन भाऊ एकमेकांची गचांडी धरून उभे होते.

आईला हे सांगितलं. एरवी ती हसून हसून बेजार झाली असती. नुसतं म्हणाली, "मला तिथं घेऊन चल. गाडीपाशी."

मी, आई आणि वहिनी. भाड्याची जीप केली. कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी जीपवाला थांबला, वर येत नाही म्हणाला. मी हैबतीमामांना मोबाईलवर कळवलं होतं, ते बैलगाडी घेऊन आले. आईला कडबा टाकून त्यावर बसवलं. वहिनी तिचं डोकं धरून बसली. ओठ सुकलेले, हात गार. मला वाटलं, हिला घरी न ठेवता इकडं आणून मी काय करून बसलोय?

गाडी होती तिथंच होती. मामांनी तिच्यावर घोंगडं टाकलेलं. ते काढलं. आई खाली उतरली, गाडीला हात लावला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बसव मला आत."

"आई, तुझे गुडघे..."

"बसव म्हटलं ना."

आधी पाठ आत, मग बूड, मग एकेक पाय उचलून आत ठेवला. पहिल्यांदाच बसत होती ती त्या गाडीत. बसली, समोर बघितलं, मग मान वळवून सीट हुंगली.

"शेळीचा वास येतोय."

"हो."

"शौनकला असला वास चालायचा नाही. शनिवारी आला की आधी गाडी पुसायचा, मग चहा प्यायचा." तिनं दाराच्या खाचेतून लोकरीचा एक पुंजका काढला. "काय करून ठेवलंस रे हे?"

"रोज चालवली," मी म्हटलं.

आईनं तो पुंजका मुठीत धरला.

गाडी ओढून अंगणात न्यायला मामांनी बैल सोडून आणले. दोर गाडीच्या पुढच्या कडीला बांधला. मी स्टिअरिंगवर बसलो. बैल पुढं झाले, दोर ताणला आणि गाडी निघाली. लगेच किंचाळायला लागली.

"हे काय वाजतंय?"

"पट्टा लाव म्हणतेय."

"बैलगाडीत पट्टा?" आई म्हणाली. पण लावला.

मागून वहिनी चालत होती, तिच्या मागं वस्तीवरची कुत्री. कुणी हसलं नाही. असं वाटत होतं की कुणाला तरी पोचवायला निघालोय. मामांच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस आला होता.

हैबतीमामांची बायको पारूमावशी परात घेऊन बाहेर आली. नाचणीच्या भाकरी, ठेचा, तांब्याभर ताक. आजारी जनावरांबरोबर मावशीही खालच्या रस्त्यापासून माझ्या गाडीतून डिक्कीच्या जागेत अंग चोरून कितीदा वेल्ह्याला आलेली. तिनं दारात वाकून आईकडं बघितलं.

"आक्का, घ्या. डाक्तर सांगत व्हते, तुमी जेवत न्हाई."

आईनं मला विचारलं, "चालली का रे गाडी? बैलांनी ओढली तर चालली म्हणायचं का?"

"चालली की," मी म्हटलं. "चाकं फिरली. रोज चालवायची, एवढंच काका म्हणाले होते."

"माझ्याकडं बघून सांग."

मी बैलांकडं बघितलं.

पारूमावशीनं परात गाडीच्या टपावर ठेवली आणि दाराशी मातीत फतकल मारून बसली. "आमचा पोरगा ज्ञानू गेला," ती म्हणाली, "इहिरीत पडून. त्याला बी कावळा शिवंना. मंग म्या म्हणलं, तुजा मेंढा म्या कुणाला द्यायची न्हाई, कापू द्यायची न्हाई, मरस्तवर सांबाळीन. तवा शिवला."

"मग?" आई म्हणाली.

"मंग काय? लांडग्यानं नेला."

मला हसू फुटायला आलं, मी खाली बघितलं. आई मावशीकडं टक लावून बघत होती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्याबी बसले की उपाशी. आमचं ह्ये म्हणलं, लांडग्याला काय ठावं तू काय बोलली त्ये? तरी म्या बसले. मंग मेंढरं वरडाया लागली पान्यासाठी, आन मला उठाया हुईना. तशीच रांगत गेले. खाल्लं, पाजलं."

"आणि ज्ञानू?"

"ज्ञानूचं काय? मेंढा व्हता तवा बी न्हवता, मेंढा गेला तवा बी न्हाई." मावशीनं पदरानं नाक पुसलं. "पर आक्का, खोटं कशाला सांगू? मेंढा व्हता तवर सांजच्याला दारात आला की मला वाटायचं, ह्यो पुढं आलाय, त्यो मागनं येतोय."

बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मग आई समोरच्या काचेकडं बघत म्हणाली, "शौनक शनिवारचाच यायचा. गेल्यापासून रोज यायला लागला."

मी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले. मला वाटत होतं, आई त्याच्या आत्म्यासाठी उपास धरतेय. त्याला अडकून पडायला लागू नये म्हणून.

"गाडी वळणावर आली की आतला दिसत नाही, काचा काळ्या आहेत," आई म्हणाली. "तू दार उघडून उतरेपर्यंत तोच असायचा."

गाडीला टेकून उभी असलेली वहिनी तेव्हा बोलली. दहाव्यापासून ती गाडीबद्दल एक अक्षर बोललेली नव्हती. "मला ती दिसायला नको असायची आई. तुम्ही गॅलरीत गेलात की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. सौमित्रभाऊजी वर येऊन बोलायला लागले की बंद करायचे. रोज."

"मला वाटायचं, तू हात पाय धुतेस."

"एवढा वेळ?"

आई तिच्याकडं बघत राहिली. वहिनीचे डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर आलेली. आई जेवत नव्हती ते आम्ही सगळे बघत होतो. वहिनीच्या ताटाकडं कुणी बघितलंच नव्हतं.

"तू जेवतेस का गं?" आईनं विचारलं.

वहिनीनं तोंड फिरवलं.

"सौम्या, ऊठ तिथून," आई म्हणाली. "तिला बसू दे."

मी उतरलो. वहिनी त्या सीटवर बसायला तयार होईना. दाराला धरून नुसती उभी. पारूमावशीनं मागून तिला चक्क ढकललं. "बसा वो वैनी, गाडी काय पळून जात न्हाई आता." वहिनी बसली. आईनं परात मागून घेतली, मांडीवर ठेवली, भाकरी मोडली, ठेचा लावला आणि पहिला घास वहिनीच्या तोंडाशी नेला. वहिनीनं खाल्ला. मग आईनं दुसरा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला. एक घास चावायला तिला इतका वेळ लागला की मावशीनं ताकाचा तांब्या पुढं केला.

"लई तिखट लागला का?"

"तिखट आहे," आई म्हणाली, "पण मीठ नाही टाकलंत."

"टाकलंय की!"

"कमी आहे."

मावशी उठली आणि "शेरातल्या बायांचं काय बाई," असं मोठ्यानं बोलत मीठ आणायला आत गेली. हैबतीमामा मला म्हणाले, "डाक्तर, आता हिकडं बगू नका," आणि मला मेंढरांकडं घेऊन गेले.

आईला गाडीतून बाहेर काढताना फार हाल झाले. आत बसताना जी युक्ती चालली ती बाहेर येताना चालेना. मी हात ओढले, मामांनी पाय धरले, मावशीनं आतून कमरेला रेटा दिला. वहिनी म्हणत होती, "सावकाश, सावकाश," आणि आई म्हणत होती, "त्या मेल्याला मी तेव्हाच सांगत होते, असली गाडी घेऊ नको म्हणून." तो आहे आणि ऐकतोय अशा थाटात नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं.

गाडी अजून वस्तीवरच आहे. बॅटरीची चौकशी मी केलेली नाही, कुणी करायला सांगितलेलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाइकवर वेल्ह्याला गेलो. विंझरला धनाजीनं हात वर करून विचारलं, गाडी कुठंय. मी सांगितलं. त्याचा चेहरा इतका उतरला की मी त्याच्या समाधानासाठी बाइक बंद केली आणि त्याला धक्का मारू दिला. संध्याकाळी भोरला आलो तर आई गॅलरीत. मी बाइक लावली आणि तिच्याकडं न बघता जिना चढायला लागलो.

"ए सौम्या!" आई वरून ओरडली. "वर येऊ नकोस रिकाम्या हातानं. कोथिंबीर घेऊन ये आधी. भार्गवीनं वरण केव्हाचं उकळत ठेवलंय. आणि बघून घे, मागच्यासारखी पिवळी आणू नकोस."